चहानं दाताचं सिमेंट पिवळं पडलं? आधी डाग कुठे बसलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. दहा महिन्यांपूर्वी गाडीवरून पडले, वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला. तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेतलं. तेव्हा कुठला भाग दाताचा आणि कुठला भरलेला, ते घरच्यांनाही ओळखता येत नव्हतं. आता तो कोपरा पिवळसर दिसतो आणि जोडावर बारीक तपकिरी रेघ आली आहे. दिवसाला सात-आठ वेळा चहा होतो. डिसेंबरात लग्न आहे. विचारतात की डॉक्टरांनी हलका माल वापरला का, चहा बंद करू का, आणि ब्लीचिंग केलं तर हे पांढरं होईल का?

मी सोलापुरात २२ वर्षं दातांचा दवाखाना चालवते. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि लग्नसराईच्या तोंडावर जास्त येतो. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं देते, पण आधी प्रश्न जरा वेगळा मांडते. चहानं सिमेंटवर डाग पडतो का? पडतो. पण एवढं कळून तुमचं काम भागत नाही. पिवळेपणा सिमेंटच्या पाठीवर असेल, सिमेंट आणि दात यांच्या जोडात असेल, सिमेंटच्या अंगातच मुरला असेल, किंवा सिमेंट जसंच्या तसं असून दातच आतून रंग बदलत असेल. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपाय वेगळा. पहिल्यात वीस मिनिटांत काम होतं, शेवटच्यात रूट कॅनालपर्यंत जावं लागतं. दात न बघता यातलं कुठलं ते ठामपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही बारकाईनं लिहिलंय, त्यामुळे अंदाज बांधता येतो.

आपण ज्याला सिमेंट म्हणतो ते खरं तर कंपोझिट. त्यात काचेची अतिशय बारीक पूड असते, वजनानं बहुतेक वेळा ७० ते ८० टक्के, आणि ती पूड धरून ठेवणारं रेझीन असतं. काचेला डाग लागत नाही. चहाचा पेला विसळला की स्वच्छ होतो, तसंच ते. डाग धरतं ते रेझीन, कारण ते तोंडातलं पाणी थोडं थोडं पीत राहतं आणि पाण्यासोबत रंगही आत घेतं. दाताच्या पृष्ठभागाला आम्लानं खरखरीत करून त्यावर रेझीन चिकटवायची युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली आणि आजच्या कंपोझिटचं मूळ रेझीन राफेल बोवेन यांनी तयार केलं, त्याचं पेटंट १९६२ चं. तुमचा तुटलेला कोपरा कुठलाही खिळा न ठोकता दाताला धरून बसलाय तो या दोघांच्या कामामुळे. त्यानंतर काचेचे कण खूप बारीक झाले, रेझीनही सुधारलं, पण त्याचं पाणी पिणं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

माझ्याकडे एक वयस्कर पेशंट यायचे, आयुष्यभर सूत रंगवायचं काम केलेले. त्यांना एकदा मी हे समजावून सांगत होते तर त्यांनीच मला थांबवलं आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, हे आमचंच काम की. पाणी गरम पाहिजे, सूत रंगात बुडून राहायला पाहिजे, आणि सुताला आधी भूक पाहिजे. सूत नीट उकळून घेतलं नाही तर रंग चट्ट्याचट्ट्यानं बसतो." दाताच्या सिमेंटवर डाग पडायचं गणित मी तेव्हापासून याच शब्दांत सांगते. गरम चहा म्हणजे गरम रंगाचं पाणी. दिवसातून आठ वेळा तो तोंडात फिरतो म्हणजे सूत बुडून राहतं. उरते भूक. ती किती, हे सिमेंट भरताना शेवटची दहा मिनिटं कशी गेली यावर ठरतं.

ही दहा मिनिटं मुद्दाम सविस्तर सांगते, कारण 'हलका माल' या तुमच्या शंकेचं उत्तर इथे आहे. कंपोझिट मऊ असताना भरतात आणि निळी लाइट मारून कडक करतात. लाइट एका वेळी साधारण २ मिलिमीटरच्या थरापर्यंत नीट पोचते, म्हणून थरावर थर द्यायचा असतो. कितीही चांगली लाइट असली तरी रेझीन पूर्ण १०० टक्के पक्कं होत नाही. जितकं कच्चं राहील तितकं ते जास्त पाणी पितं. शिवाय सगळ्यात वरचा पापुद्रा हवेच्या संपर्कात असतो आणि हवेतला ऑक्सिजन त्याला पक्कं होऊ देत नाही. लाइट मारून झाल्यावर बोट लावलं तर तो चिकट लागतो. हा पापुद्रा घासून काढायलाच हवा. तो राहिला तर सिमेंटच्या अंगावर भुकेली कातडी राहिली असं समजा, पहिल्याच महिन्यात तिथे चहा दिसायला लागतो.

मग येतं पॉलिश. जाड डिस्कपासून, म्हणजे घासायच्या खरखरीत चकतीपासून, सुरुवात करून बारीक, त्याहून बारीक, मग रबर कप, शेवटी पेस्ट. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जास्त झाला, की त्यावर जंतूंचा थर भराभर साचतो आणि चहाचा रंग त्या थरात अडकतो. डोळ्यांना असा पृष्ठभाग गुळगुळीतच दिसतो. जिभेला मात्र कळतं. पेशंट खुर्चीतून उठायच्या आधी मी त्यांना जीभ फिरवून बघायला सांगते. शेजारच्या दातासारखं निसरडं लागलं पाहिजे, नाहीतर परत बसायचं.

तेव्हा माल हलका होता का? असू शकतो, पण माझ्या अनुभवात तसं फार कमी वेळा असतं. जास्त वेळा माल चांगला असतो आणि पॉलिश अर्धवट राहिलेलं असतं. त्यातही डॉक्टरांचाच दोष धरू नका. अपघातानंतर लगेच भरलेल्या दाताजवळ हिरडी सुजलेली असते, रक्त येत असतं, ओठ दुखत असतो, पेशंट तोंड फार वेळ उघडू शकत नाही. अशा वेळी मी स्वतःही जेवढं गरजेचं तेवढंच करते आणि आठवड्यानं फिनिशिंगला बोलावते. त्यातले निम्मे लोक येतच नाहीत. दात दिसायला चांगला झाला, दुखत नाही, मग कशाला जायचं, असं होतं. तुम्हाला तसं बोलावलं होतं का, ते आठवून बघा.

आता पेयांकडे येऊ. सगळी पेयं सारखी डाग पाडत नाहीत. कॉफीचा रंग सिमेंटच्या पाठीवर बसतो आणि आतही शिरतो. चहाचा रंग बराचसा वरच बसतो, म्हणून चहाचा डाग पॉलिशला चांगला सुटतो. त्या अर्थी तुम्ही कॉफीवाले नाही हे बरंच आहे. दुसरं म्हणजे आपला चहा दुधाचा. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन चहातल्या टॅनिनला, म्हणजे डाग पाडणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतं, त्यामुळे कोऱ्या चहापेक्षा दुधाचा चहा कमी डाग पाडतो. वजन कमी करायचं म्हणून अनेकांनी लिंबू पिळलेला कोरा चहा सुरू केलाय. सिमेंटच्या दृष्टीनं तो जास्त त्रासाचा, कारण दूध गेलं आणि आम्ल आलं.

कोल्ड्रिंकबद्दल लोकांचा गैरसमज असतो की काळं आहे म्हणजे सगळ्यात जास्त डाग त्याचाच. तसं नाही. कोलाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) अडीचच्या आसपास असतो, आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. म्हणजे कोला दाताचं आणि सिमेंटच्या पृष्ठभागाचं नुकसान करतो, पण त्याचा स्वतःचा रंग कॉफीइतका चिकट नसतो. तो जमीन नांगरून ठेवतो, आणि पेरणी नंतरचा चहा करतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असताना दुपारी थंड बाटली आणि चार वाजता गरम चहा, हा क्रम मी पेशंटकडून रोज ऐकते. लिंबू सोडा, लिंबू पिळलेला उसाचा रस, कोकम सरबत यांचंही आम्लाच्या बाबतीत असंच आहे. ताक त्या मानानं खूप सौम्य.

चहाच्या नावावर खपणारा एक डाग मात्र बऱ्याचदा हळदीचा असतो. हळदीतला पिवळा रंग तेलात विरघळतो आणि रेझीनला तो फार आवडतो. आमटी, कालवण, तर्री, सगळ्यात गरम तेल आणि हळद एकत्र. तुम्ही 'पिवळसर' लिहिलंय, 'तपकिरी' फक्त रेघेला म्हटलंय, म्हणून मला कोपऱ्याच्या रंगात हळदीचाही वाटा असेल असं वाटतं. साडीवरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकतो आणि तो उडतो, कारण हा रंग उजेडात टिकत नाही. तोंडात ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे तो मुक्काम करतो. सिमेंट भरल्यावर पहिले २४ तास रेझीन पक्कं होण्याचं काम चालूच असतं. म्हणून त्या दिवशी मी चहा-कॉफीच्याही आधी हळदीची पातळ भाजी टाळायला सांगते. दहीभात खा, कडक भाकरी दुधात भिजवून खा, एक दिवसाचा प्रश्न असतो.

आणखी दोन गोष्टी विचारते, कारण त्या कुणी आपणहून सांगत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश चालू आहे का? अपघातानंतर तो बऱ्याचदा लिहून दिलेला असतो आणि लोक दोन आठवड्यांऐवजी सहा महिने वापरत राहतात. हे औषध दातावर आणि सिमेंटवर चिकटून बसतं आणि चहातल्या टॅनिनला ओढून घेतं. त्यावर लगेच चहा घेतला की तपकिरी डाग ठरलेलाच. दुसरं, तंबाखू, मावा किंवा मिश्री. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या दातात भरलेलं सिमेंट मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्यात रंगही असतो आणि घासणंही, त्यामुळे पॉलिश उडून जातं आणि डाग आणखी पक्का बसतो. लोहाचं पातळ औषध घेणाऱ्यांचंही तसंच. लोह आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा रंग होतो.

आता घरी काय बघायचं ते सांगते. सकाळी ब्रश केल्यावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा. दात रुमालानं कोरडा करा. कापसाचा घट्ट बोळा ओला करून त्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट चोळा. बोळ्यावर पिवळट काही आलं किंवा कोपरा थोडा तरी उजळला, तर डाग पाठीवर आहे. काहीच फरक पडला नाही तरी घाबरू नका, पॉलिशनं निघणारे डागही कापसानं निघतातच असं नाही. मग रेघ बघा. ती केसासारखी बारीक आणि एकसारखी आहे, का एखाद्या ठिकाणी जाड होऊन दाताच्या बाजूला पसरली आहे? नखानं हलकेच आडवं ओढून बघा, नख अडकतं का? सुई, टाचणी, सेफ्टी पिन यातलं काही लावू नका.

रेघेचं कारण असं. कंपोझिट कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. आकसताना ते दाताच्या कडेला ओढतं आणि कुठेतरी अगदी बारीक फट राहते. पुढच्या दातानं नख कुरतडणं, सुपारी फोडणं, दातानं धागा तोडणं यानंही ती वाढते. तुम्ही कारखान्यात आहात, धागा दातानं तोडायची सवय आहे का हे मी तुम्हाला मुद्दाम विचारेन. या फटीत चहा जातो आणि रेघ उमटते. रेघ आहे म्हणजे खाली कीड आहेच असं नाही. निव्वळ रेघ बघून सगळं सिमेंट काढून टाकणं मला पटत नाही, कारण दरवेळी काढताना शेजारचा चांगला दातही थोडा जातो. नख अडकत असेल, रेघ पसरत असेल, थंडगार लागलं की ठणकत असेल, तर एक्स-रे काढून खाली बघायला हवं. नाहीतर कडेची रेघ तेवढी घासून, तिथे पातळ रेझीन भरून बंद करता येते.

इथवरचं एकत्र सांगायचं तर तुमचा पिवळा कोपरा बहुधा पाठीवरचा डाग आहे, त्यात चहा आणि हळद दोन्ही, आणि रेघ म्हणजे जोडातली बारीक फट. दोन्ही सिमेंट न काढता दुरुस्त होतात. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला चहापेक्षा जास्त खटकते, आणि ती म्हणजे अपघात.

मार लागलेल्या दाताची नस कधी कधी त्याच दिवशी न मरता काही महिन्यांनी मरते. दुखत नाही, सूज येत नाही. दात फक्त हळूहळू पिवळट, मग करडा व्हायला लागतो. पेशंटला वाटतं सिमेंट खराब झालं. म्हणून त्याच उजेडात कोपरा सोडून दाताचा वरचा भाग, हिरडीजवळचा, शेजारच्या जोडीदार दाताशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर चांगलं. तुमचा दात मळकट वाटत असेल, किंवा हिरडीवर कधी पुटकुळी येऊन गेली असेल, तर पॉलिशच्या आधी थंडाव्याची तपासणी (दाताला थंड लावून नस जिवंत आहे का ते बघतात) आणि एक्स-रे करून घ्या. मागे एका मुलीचा असाच दात दोन वेगळ्या दवाखान्यांत मिळून दोनदा नव्यानं भरला गेला होता. दोन्ही वेळा 'चहा कमी कर' सांगितलं गेलं. ती चहा पीतच नव्हती. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाशी काळी सावली होती, म्हणजे आतली नस मेलेली होती. तुमच्या बाबतीत तसं असेलच असं मी म्हणत नाही, पण हे तपासल्याशिवाय त्या दाताला कुणाला हात लावू देऊ नका.

सगळं ठीक निघालं तर पुढे काय? डॉक्टर मधली डिस्क घेऊन सुरुवात करतील. पहिल्या काही फेऱ्यांतच पिवळट भुकटी निघते आणि खालून भरला त्या दिवशीचा रंग वर येतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी पेशंटच्या हातात आरसा देताना मला अजून आनंद होतो. रंग थोडा आत मुरला असेल तर वरचा अर्धा मिलिमीटर थर काढून तेवढाच नवा द्यायचा. आत अंगभर पिवळं असेल तरच पूर्ण बदलायचं. रेझीनमधली काही रसायनं वर्षांच्या ओघात स्वतःहूनही पिवळी पडतात, पण दहा महिन्यांत ते सहसा इतकं दिसत नाही.

ब्लीचिंगनं सिमेंट पांढरं होत नाही. वरचा डाग थोडा हलका होईल, पण सिमेंटचा मूळ रंग तोच राहतो आणि उजळतो तो शेजारचा दात. म्हणजे आज जो कोपरा थोडा पिवळा वाटतो तो ब्लीचिंगनंतर आणखी उठून दिसेल. तरीही लग्नासाठी सगळे दात उजळ हवे असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी दात साफ करून घ्या, मग ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबा, आणि नंतर त्या नव्या रंगाला जुळवून कोपरा नव्यानं भरा. दोन आठवडे यासाठी की ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि नवं रेझीन नीट धरत नाही. रंग ठरवताना दात ओला असतानाच ठरवायला सांगा. तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो आणि निवड चुकते.

चहा बंद करायची गरज नाही. मी कुणालाच बंद करायला सांगत नाही, कारण कुणी करत नाही आणि तेवढ्यासाठी करायचं कारणही नाही. आठाचे चार करा. टेबलावर पेला ठेवून अर्धा तास घोट घोट पिण्यापेक्षा पाच मिनिटांत पिऊन संपवा. वाफाळता असताना पिऊ नका, आणि पेला खाली ठेवल्यावर घोटभर साधं पाणी तोंडात खळखळवून गिळून टाका. टपरीवर पाण्याचा जग असतोच. माउथवॉश चालू असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक घेतल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा-एक तास जाऊ द्या. आणि कोळशाची पूड, मीठ-लिंबू, खाण्याचा सोडा, 'झटपट पांढरे दात' म्हणून मिळणारी मंजनं यातलं काहीही त्या कोपऱ्यावर घासू नका. पहिल्या दिवशी उजळल्यासारखं वाटतं, पण पॉलिश गेलेलं असतं, आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा गडद डाग बसतो.

लग्न डिसेंबरात आहे, तर तपासणी आणि एक्स-रे ऑक्टोबरातच उरकून घ्या. शक्यतो ज्यांनी भरलं त्याच डॉक्टरांकडे जा, कुठला माल आणि कुठली शेड वापरली याची नोंद त्यांच्याकडे असेल. 'खराब माल भरला' असं म्हणत जाऊ नका. 'पॉलिश आणि कडेची रेघ बघून द्या, आणि दात जिवंत आहे का तेही तपासा' एवढं सांगा. सिमेंट भरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला हसतानाचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो सोबत न्या.